कासरा की चेंडू?

आमच्या महाळुंगे पडवळमध्ये कुत्र्याला चेंडू टाकायची रीत नव्हती. चेंडू पोरांचा, आणि तोही मोजूनमापून एक. तो कुत्र्याच्या तोंडात गेला की खेळ संपलाच. कुत्र्याच्या वाट्याला यायचा तुटका कासरा, फाटकं गोणपाट, चऱ्हाटाचा तुकडा. एक टोक त्याच्या दातांत, दुसरं पोराच्या हातात. मागचे पाय मातीत रोवून ते गुरगुरत ओढायचं, आणि पोरगं पडलं की ओटीवरची म्हातारी माणसं कुत्र्याच्या बाजूने हसायची.

आता मंचरच्या दुकानात कुत्र्यांसाठीचे रबरी चेंडू मिळतात. लॅब्राडोर घरी आणलेले लोक कौतुकाने सांगतात, "शंभर वेळा टाका, शंभर वेळा आणून देतो." मग शेजारच्या वस्तीवरचं गावठी कुत्रं चेंडूकडे नुसतं बघत बसलं की त्याला 'मंद' म्हणतात. हा शब्द मला खटकला, आणि काही कुत्र्यांना ओढाओढी का आवडते अन् काहींना चेंडू का, हे शोधायला लागलो. उत्तराचा बराचसा भाग प्राणिशास्त्रात मिळाला. उरलेला भाग माणसांच्या कामधंद्याच्या इतिहासात होता.

रेमंड आणि लॉर्ना कॉपिंजर या अमेरिकी अभ्यासक दांपत्याचं कुत्र्यांवरचं पुस्तक २००१ साली आलं. त्यांची मांडणी साधी आहे. लांडग्याची शिकार म्हणजे एकामागून एक येणाऱ्या हालचालींची साखळी: सावज हेरणं, नजर रोखणं, दबकत जाणं, पाठलाग, झडप घालून धरणं, मारणं, फाडणं. माणसाने कुत्री पैदा करताना या साखळीतल्या आपल्या कामाच्या कड्या जाड केल्या आणि नको त्या झिजवल्या. मेंढरं वळवणाऱ्या बॉर्डर कोलीत नजर, दबकणं आणि पाठलाग ठेवला, चावा दाबला. टेरियरमध्ये धरणं आणि झिंजाडणं वाढवलं, कारण त्याला बिळातले उंदीर-घुशी मारायच्या होत्या. कुत्र्याचा आवडता खेळ म्हणजे बहुतेक वेळा यातली जाड झालेली कडी. ती वापरायला मिळाली की त्याला बरं वाटतं. त्यासाठी पोटात भूक असावी लागत नाही.

चेंडू आणून देणं हे असंच एका धंद्याचं उरलेलं रूप. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमधल्या जमीनदारांत बंदुकीने पक्षी मारायचा छंद वाढला. पडलेला पक्षी झुडपातून, पाण्यातून शोधून, दात न रुतवता मालकाच्या हातात आणून देणारं कुत्रं हवं होतं. स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथने १८६८ मध्ये नाउस आणि बेल या जोडीपासून पैदास सुरू केली, तिच्यातून गोल्डन रिट्रीव्हर आला. लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत मासे आणि जाळी ओढायचे. ही कुत्री चेंडू आणतात तेव्हा त्या चेंडूच्या जागी पूर्वी मेलेलं बदक होतं. हातात बंदूक असलेला मालक आणि त्याचं मोकळं रान, एवढं सगळं त्या खेळाच्या मागे उभं आहे.

ओढाओढीचा धंदा याहून रांगडा. इंग्लंडमध्ये बांधलेल्या बैलावर कुत्री सोडायचा खेळ चाले. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला. बैलाच्या नाकाला लटकायचं आणि काही झालं तरी सोडायचं नाही, एवढंच त्या कुत्र्याचं काम. बुलडॉग, बुल टेरियर ही त्याची पोरंबाळं. ती दोराला लोंबकळतात यात नवल ते काय? आपल्याकडेही धरून ठेवणाऱ्या कुत्र्याची कीर्ती जुनी आहे. कर्नाटकात मंड्या जिल्ह्यातल्या आतकूरला दहाव्या शतकातला, राष्ट्रकूट तिसऱ्या कृष्णाच्या काळातला एक वीरगळ मिळाला. गंग राजा बुतुगाने पराक्रमाचं बक्षीस म्हणून काय हवं ते माग म्हटल्यावर मणलेर नावाच्या वीराने मागितला तो 'काळी' नावाचा कुत्रा. तो एका मोठ्या रानडुकराला भिडला आणि दोघेही मेले. कुत्र्यासाठी दगड उभारला, पूजेसाठी जमीन दिली. त्या दगडावर कुत्रा आणि डुक्कर एकमेकांना भिडलेले कोरले आहेत. जगातली सगळ्यात गंभीर रस्सीखेच म्हणता येईल.

तिसरा प्रकार पाठलाग करणाऱ्यांचा, आणि तो आपल्या घरचा. कारवानी किंवा मुधोळ: लांब तोंड, खोल छाती, आत ओढलेलं पोट. मुधोळच्या घोरपडे संस्थानात या जातीची निगा राखली गेली. २००५ मध्ये टपाल खात्याने देशी कुत्र्यांची चार तिकिटं काढली त्यांत मुधोळ होता, आणि २०१६ मध्ये लष्कराने त्याची पिल्लं मेरठला प्रशिक्षणासाठी नेली. याच्यापुढे चेंडू टाका. बाणासारखा सुटेल, चेंडू थांबला की त्याचा रसही थांबेल. सशामागे धावणं त्याचं काम होतं. ससा धरल्यावर मालक मागून चालत यायचा. परत आणून देणं करारात नव्हतं. स्टॅन्ली कोरेन यांनी १९९४ मध्ये कुत्र्यांच्या बुद्धीची क्रमवारी लावली ती आज्ञापालन स्पर्धांच्या परीक्षकांना विचारून. बॉर्डर कोली पहिला आणि अफगाण हाउंड तळाला, हा निकाल त्या मोजमापातूनच ठरल्यासारखा आहे. हुकुमाची वाट न बघता धावायला जन्मलेल्याला हुकुमाच्या परीक्षेत बसवलं तर दुसरं काय होणार?

आणि चौथं कुत्रं, जे आमच्या शिवारात दरवर्षी चालत येतं. पिकं निघाली की धनगरांचे वाडे येतात, खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात. त्यांच्याबरोबरच्या कुत्र्याच्या गळ्यात कधी खिळ्यांचा पट्टा असतो, बिबट्याने मान धरू नये म्हणून. अशा एका वाड्यावर मी विचारलं होतं, "मामा, हा खेळतो का कशाशी?" म्हातारा म्हणाला, "खेळाया त्यो काय पोरगं हाय? त्याला राखायचंय." कॉपिंजर दांपत्यालाही राखण करणाऱ्या कुत्र्यांत हेच दिसलं होतं. पाठलागाची कडी जागी असलेलं कुत्रं मेंढरांत ठेवता येत नाही. कोकरू पळालं की ते मागे धावेल. म्हणून पिढ्यान्‌पिढ्या ज्याला चेंडूची भूल पडत नाही असंच कुत्रं कळपात टिकलं. खंडोबाला मानणाऱ्या धनगरांत कुत्र्याला देवाचा सोबती समजतात. जेजुरीचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात. तिथे मान आहे तो निष्ठेला आणि जागं राहण्याला.

इथे एक सावधगिरी हवी. जात सांगितली की स्वभाव कळला, असं नाही. २०२२ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांचा अभ्यास आला. त्यानुसार कुत्र्या-कुत्र्यांच्या वागण्यातल्या फरकापैकी सुमारे ९ टक्केच जातीने समजावता येतो. वस्तू आणून देण्यासारख्या गोष्टींत आनुवंशिकतेचा वाटा मोठा, पण कुठलीही सवय एकाच जातीची मिरास नाही. त्याआधी २०२० मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी आठ आठवड्यांच्या १३ लांडग्याच्या पिल्लांपुढे चेंडू टाकला. त्यातल्या तिघांनी तो अनोळखी माणसाला आणून दिला. म्हणजे बीज लांडग्यातच होतं. माणसाने फक्त निवडून पेरलं.

ओढाओढीबद्दल एक भीती लोकांच्या मनात असते: कुत्र्याला जिंकू दिलं तर ते डोक्यावर बसतं. साउथॅम्प्टन विद्यापीठात निकोला रूनी आणि जॉन ब्रॅडशॉ यांनी १४ गोल्डन रिट्रीव्हरांशी रस्सीखेच खेळून पाहिली, कधी जिंकू दिलं, कधी हरवलं. जिंकून कोणी मुजोर झालं नाही. उलट खेळानंतर कुत्री माणसाकडे जास्त लक्ष देऊ लागली. ओटीवरची माणसं कुत्र्याच्या बाजूने हसायची ती काही चुकत नव्हती.

हे सगळं आमच्या भागात नुसतं ज्ञान म्हणून सोडून देता येत नाही. घोड नदीवर डिंभे धरण झालं, कालवे आले, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. पलीकडे अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के खाद्य पाळीव प्राण्यांचं निघालं, आणि ३९ टक्के एकट्या कुत्र्याचं. या आकड्याचा अर्थ वस्तीवर राहणाऱ्याला सांगावा लागत नाही. सकाळी अंगणात साखळी असते, कुत्रं नसतं. तरी राखण हवी म्हणून लोक नवं कुत्रं आणतात, आणि आता ते पुष्कळदा जात बघून, फोटो बघून आणतात. बदक आणून द्यायला घडवलेला लॅब्राडोर उसाच्या कडेला राखणीला बांधला जातो. झोंबायला घडवलेलं कुत्रं दिवसभर दोन हात साखळीवर ठेवलं जातं, आणि ते कोणाला चावलं की जात बदनाम होते. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने २३ जाती 'हिंस्र' ठरवून त्यांच्यावर बंदी घालायचं पत्रक राज्यांना धाडलं. महिनाभरातच कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. पत्रकात जातींची यादी होती. साखळीची लांबी त्यात कुठे नव्हती.

म्हणून कुत्रं आणायच्या आधी त्याच्या पणज्याचा धंदा विचारावा, असं मी आता सगळ्यांना सांगतो. आणून देणाऱ्याला चेंडू द्यावा, झोंबणाऱ्याला जाड दोर, धावणाऱ्याला मोकळं माळरान. रात्री मात्र साऱ्यांनाच दार असलेला, जाळीचा आडोसा द्यावा. आणि चेंडूकडे ढुंकून न बघता बांधावर बसून राहिलेल्या गावठी कुत्र्याला मंद म्हणण्याआधी एकदा ते कुठे बघतंय ते पाहावं. बहुतेक वेळा ते उसाकडे बघत असतं.