पावकी कोणी घालवली?

दहावी-बारावीच्या गणिताचा विषय निघाला की कॅल्क्युलेटरने तोंडी हिशोब बुडवला ही तक्रार हमखास ऐकू येते. पुरावा म्हणून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी या अपूर्णांकांच्या पाढ्यांकडे बोट दाखवतात. पूर्वी मराठी शाळेत ते घोकून घेत, आता घेत नाहीत. तारखा मात्र या आरोपाला साथ देत नाहीत. खिशात मावणारे कॅल्क्युलेटर १९७० नंतरच्या दशकातले, तर रुपयाचे शंभर भाग करणारा नवा पैसा चलनात आला १ एप्रिल १९५७ रोजी. म्हणजे यंत्र येण्याआधीच या पाढ्यांचे काम संपले होते.

ते काम काय होते, हे प्रवरेकाठच्या बेलापूरसारख्या गावाच्या व्यवहारात दिसते. रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे, मणाचे ४० शेर, शेराचे १६ छटाक. सारी मापे अर्ध्या-पावाने तुटणारी. साडेतीन आणे शेराने सात शेर माल घेतला, तर औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा येणारा ‘सात औटे साडेचोवीस’ म्हणून मोकळा होई. साडेचोवीस आणे म्हणजे एक रुपया साडेआठ आणे. प्रवरेवरचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. त्या सुमारास प्रवरेच्या कालव्यांवर ऊस उभा राहिला, शेजारच्या हरेगावात बेलापूर कंपनीचा साखर कारखाना चालू लागला, आणि मजुरी, पाणीपट्टी, किराणा असे रोकडीचे हिशोब घरोघर वाढले. या पाढ्यांवाचून तेव्हा अडत होते. पुढे रुपयाचे १०० नवे पैसे झाले. आणा सव्वासहा पैशांचा ठरला, म्हणून बदलताना एका आण्याचे ६, दोहोंचे १२, तिहींचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे धरावे लागले. मेट्रिक वजने १९५८ पासून येऊ लागली आणि शेर-छटाक मागे पडले. दशमान पद्धतीत दशांश चिन्ह सरकवले की निम्मे काम होते. तिथे औटकीला गिऱ्हाईक उरले नाही.

यावर कोणी म्हणेल, उजळणीच्या पुस्तकांत हे पाढे नंतरही छापले जात होते. होते, पण बाजाराने सोडलेला पाढा शाळेत फार दिवस टिकत नाही. उलट बाजूचा पुरावा जमिनीचा आहे. एकराचे ४० गुंठे हा हिशोब बोलण्यातून गेला नाही, म्हणून पाऊण एकर म्हणजे तीस गुंठे, सव्वा एकर म्हणजे पन्नास, हे सांगायला या भागातल्या शेतकऱ्याला आजही यंत्र लागत नाही. पण त्याचेच दीड एकर रान सातबाऱ्यावर मेट्रिक मापात सुमारे ६१ आर होते, आणि ते पडताळायला मात्र मोबाइल बाहेर निघतो. रान तेच आणि माणूसही तोच. जे माप रोजच्या बोलण्यात आहे त्याचाच हिशोब तोंडी राहिला.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. बाजारात उपयोग नसला तरी घोकंपट्टीने बुद्धीला वळण लागते, मग यंत्र वर्गात कशाला? पण तयार उत्तर देणारे साधन वर्गात पूर्वीपासूनच आहे. राज्य मंडळाच्या बारावीच्या प्रश्नपत्रिकेत लॉग टेबल चालते, कॅल्क्युलेटर चालत नाही. २ चा लॉग ०.३०१० कसा आला, हे टेबल पाहणाऱ्या मुलाला सांगता येईलच असे नाही. तो आकडा उचलतो आणि पुढे जातो. म्हणजे तयार उत्तर उचलण्याला मंडळाची मुळात हरकत नाही. फरक एवढाच की टेबल फक्त अंक देते. दशांश चिन्ह कुठे पडणार, म्हणजे उत्तर शेकड्यात की हजारात, हे मुलालाच ठरवावे लागते. औटकीनेही गुणाकार आयता दिला, पण कोणता पाढा कुठे लावायचा ही अक्कल ज्याची त्यालाच चालवावी लागे. कॅल्क्युलेटर अंकही देतो आणि दशांश चिन्हही, तेव्हा धास्ती अगदीच निराधार नाही. मात्र तिचा इलाज बंदी नव्हे. बटण दाबण्याआधी उत्तराचा अंदाज लिहायला लावावा आणि त्याला गुण ठेवावेत, म्हणजे टेबलाने मुलाकडे सोपवलेले काम कॅल्क्युलेटर हाती असतानाही त्याच्याकडेच राहील. पावकी परत आणायची तर आणे आणि शेरही परत आणावे लागतील. अंदाज मात्र कोणत्याही मापात शिकवता येतो.