दत्तक नामंजूर: सिल्वासा ते लिस्बन

'दत्तक नामंजूर' हे दोन शब्द मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतात. 1848 साली त्या शब्दांनी सातारा गिळला, मग झाशी. मूल कोणाचे, हे सरकार ठरवणार, एवढाच त्यांचा अर्थ. मला ते परत आठवले 17 ऑक्टोबर 2023 रोजी. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाबद्दलचा निकाल दिला आणि त्यातच, तीन विरुद्ध दोन मतांनी, अशा जोडप्याला मिळून मूल दत्तक घेता येणार नाही हा नियमही कायम ठेवला. निकालाच्या बातम्या वाचताना माझ्या डोक्यात सारखे सिल्वासा येत होते. का, ते सांगतो.

सिल्वासा, म्हणजे नगर हवेली, पोर्तुगिजांना मिळाली ती आपल्याच पेशव्यांकडून. मराठ्यांच्या आरमाराने 'सांताना' नावाचे त्यांचे जहाज बुडवले, त्याची भरपाई म्हणून 1783 मध्ये हा मुलूख दिला गेला. दोन वर्षांनी त्यांनी शेजारची दादरा विकत घेतली. दोन्ही दमणला जोडली गेली आणि वापीच्या बाजूची ही जंगलपट्टी लिस्बनच्या कायद्याखाली आली.

आणि तो कायदा तरी कसा? 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता, जी 1870 पासून आपल्याकडे लागू झाली आणि जिचे गोडवे आपण गोवेकर आजही गातो, तिच्यात दत्तकाला जागाच नव्हती! बापाने आपल्या अनौरस मुलाला मान्यता द्यावी, ही सोय होती. पण रक्ताचे नाते नसलेल्याला मूल म्हणायचे, हे त्या संहितेला मान्य नव्हते. खुद्द पोर्तुगालात दत्तक परत आले ते 1966 च्या नव्या संहितेने. हिंदूंचे रीतिरिवाज तेवढे वेगळ्या हुकुमांनी राखले गेले, दमणसाठी 1854 च्या आणि गोव्यासाठी 1880 च्या, म्हणून आपल्या आजोबा-पणजोबांच्या घरांत दत्तक विधाने होत राहिली. (आपले शास्त्र या बाबतीत वाटते तेवढे कर्मठ नव्हते. जुन्या मुंबई इलाख्यात विधवेला नवऱ्याची परवानगी नसतानाही दत्तक घेता येई.)

2 ऑगस्ट 1954 ला सिल्वासा मुक्त झाले. त्या लढ्यात सुधीर फडके होते, आपले विश्वनाथ लवंदे होते. ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. पुढचे मात्र फारसे कोणी सांगत नाही. 1961 मध्ये दादरा-नगर हवेली भारतात विलीन झाली आणि 1963 च्या एका नियमनाने हिंदू विवाह कायदा आणि हिंदू दत्तक कायदा तिथे पोचला. गोवा-दमणात मात्र जुनी संहिता राहिली. तासाभराच्या वाटेवरच्या दमणात आणि सिल्वासात नवरा-बायको व्हायचे नियम वेगळे! 2020 मध्ये दोन्ही मिळून एक केंद्रशासित प्रदेश झाला, ही आणखी एक गंमत.

आता समजा, या सिल्वासात दोन बायका वर्षानुवर्षे एकत्र संसार करताहेत आणि त्यांना मूल हवे आहे. दत्तक घ्यायचे तर एकीने एकटी म्हणून अर्ज करायचा. जोडप्यासाठी नियम आहे दोन वर्षांच्या स्थिर वैवाहिक जीवनाचा, आणि विवाह तर कायद्याला मान्य नाही. त्यातही जून 2022 च्या परिपत्रकाने, जोडीदाराबरोबर राहणाऱ्या एकट्या अर्जदाराचा विचार करायचा नाही असे ठरले. म्हणजे खरे सांगाल तर दार बंद. आयव्हीएफचे दार एकट्या बाईला उघडे आहे, 21 ते 50 वयात. सरोगसी फक्त विवाहित जोडप्याला, नाहीतर 35 ते 45 वयाच्या विधवेला किंवा घटस्फोटितेला. दोन पुरुष असतील तर आयव्हीएफ नाही, सरोगसी नाही, आणि एकट्याने दत्तक घेताना मुलगी मिळणार नाही.

मूल झालेच, तर कागदावर आई एकच. दुसरी रात्र-रात्र जागेल, शाळेत सोडेल, पण इस्पितळात सहीसाठी तिला कोण विचारणार? उद्या कागदावरची आई गेली, तर मुलावर हक्क सांगायला तिचे भाऊ-मामा पुढे येतील. गोव्यात तर 'इन्व्हेंतार' म्हटले की आपल्याला घाम फुटतो. इथे अर्धी मालमत्ता सक्तीच्या वारसांची असते आणि या मुलाचे नाव दुसऱ्या आईच्या वारसांत येणारच नाही. तिने मृत्युपत्र केले तरी हात पोचतो तो उरलेल्या अर्ध्यापर्यंत.

आणि एके काळी काय चालले होते? 2008 मध्ये इस्रायलच्या एका पुरुष जोडप्याला मुंबईत सरोगसीने मुलगा झाला, बातम्या छापून आल्या. तेव्हा 377 कलमाखाली तसे संबंध आपल्याकडे गुन्हा होते! परदेशी जोडप्यांसाठी क्लिनिक उघडी, देशी जोडप्यांसाठी कोठडीची भीती. मुंबई ते आणंद या रेल्वेमार्गावर, वापीच्या अलीकडे-पलीकडे, हा धंदा फोफावला. जुलै 2012 मध्ये व्हिसाचा नियम आला की परदेशी जोडपे स्त्री-पुरुषच हवे, लग्नाला दोन वर्षे झालेले. 2015 मध्ये सगळ्याच परदेशीयांना बंदी झाली. 377 मधला गुन्हा सुटला तो 6 सप्टेंबर 2018 ला, तोवर दुकान आवरले होते.

2023 च्या निकालात अल्पमतात होते ते सरन्यायाधीश चंद्रचूड, मराठी माणूस. दत्तकाचा नियम अविवाहित आणि समलिंगी जोडप्यांवर अन्याय करतो, असे त्यांनी लिहिले. बहुमताच्या बाजूचे न्या. भट यांनीही हे मान्य केले की असे संसार आहेत, त्यांत मुले आहेत, आणि त्यांना हक्कांचे संरक्षण देण्याची सरकारला अधिकच निकड आहे. पण नियम तसाच राहिला. पुनर्विचार याचिका जानेवारी 2025 मध्ये फेटाळल्या गेल्या.

आणि लिस्बन? ज्यांच्या संहितेत दत्तक नव्हते, त्या पोर्तुगालने 2010 मध्ये समलिंगी विवाह मान्य केला, पण दत्तक त्यातून मुद्दाम वगळले. नंतर संसदेने तेही मंजूर केले. जानेवारी 2016 मध्ये राष्ट्राध्यक्षांनी नकाराधिकार वापरला आणि फेब्रुवारीत संसदेने तो उलटवला. त्याच वर्षी तिथल्या सर्व स्त्रियांना, जोडीदार कोण हे न विचारता, कृत्रिम गर्भधारणेचा हक्क मिळाला. पंतप्रधान होते आंतोनियो कोश्ता, मूळ घराणे मडगावचे.

आपल्याकडची कितीतरी मंडळी लिस्बनला जन्म नोंदवून पासपोर्ट काढतात. त्यांतल्या एखादीने आणि तिच्या जोडीदारणीने तिथे मूल वाढवले, तर दोघींची नावे दाखल्यावर येतील. सुट्टीत ती मडगावला आली, तर तेच मूल इथे एकीचे असेल आणि दुसरी त्याची कोणीच नसेल.