टेबलाचा उतार आणि उतरलेला रक्तदाब

मागच्या व्याख्यानात आपण भुलीच्या औषधांचा इतिहास पाहिला. आज औषधाबरोबर टेबलाकडेही बघू. कारण रक्तदाब उतरवायचं औषध एकच असलं, तरी रुग्ण आडवा आहे की डोकं वर करून ठेवलाय, यावर परिणाम बदलतो.

१९४८ मध्ये लंडनमध्ये विल्यम पॅटन आणि एलेनॉर झाइमिस यांनी पेंटामेथोनियम, हेक्झामेथोनियम या औषधांवरचं काम प्रसिद्ध केलं. ही औषधं रक्तवाहिन्या आवळणाऱ्या मज्जातंतूंचे संदेश वाटेतच अडवतात. आता बघा, एरवी आपण उठून उभे राहिलो की पायांतल्या रक्तवाहिन्या आवळल्या जातात, म्हणून आपल्याला भोवळ येत नाही. औषधाने हीच सोय बंद पडते. मग टेबल पायांकडे उतरतं केलं की रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परततं आणि दाब उतरतो.

ब्रिटिश भूलतज्ज्ञ हेल एंडरबी यांनी नेमका याचाच उपयोग केला. १९५० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी औषध आणि शरीराची स्थिती, दोन्ही मिळून रक्तस्राव कमी करण्याची पद्धत मांडली. शस्त्रक्रियेची जागा हृदयाच्या वर ठेवायची, म्हणजे तिथे रक्त कमी येतं. चेहऱ्याच्या प्लॅस्टिक सर्जरीत हे वरदानच होतं. शिवाय एक मोठी सोय होती. एकदा दिलेलं औषध परत काढून घेता येत नाही, पण दाब फार उतरला तर टेबल लगेच सपाट करता येतं.

मग धोका कुठे होता? जखम वर, तसाच मेंदूही वर! हृदयापासून दर १३ सेंटिमीटर उंचीला दाब साधारण १० मिलिमीटर पाऱ्याने घटतो. समजा दंडावर ६० दिसतोय आणि डोकं २६ सेंटिमीटर वर आहे, तर मेंदूपाशी उरले ४०. दंडावरचा आकडा हे सांगत नाही. १९५३ मध्ये हॅम्प्टन आणि लिटल यांनी अशा भुलीतल्या गुंतागुंतींचा आढावा प्रसिद्ध केला आणि सुरुवातीच्या उत्साहाला लगाम बसला.

प्रश्न मात्र संपला नाही. २००५ मध्ये पोल आणि कलन यांनी चार रुग्णांची हकिकत मांडली. खांद्याची शस्त्रक्रिया बसत्या स्थितीत झाली आणि मेंदूला किंवा मज्जारज्जूला रक्त कमी पडून इजा झाली. इथे तर पोटरीवर पट्टा बांधून दाब मोजला, तर फसगत आणखी मोठी.

म्हणून या पन्नास-पंचावन्न वर्षांतून आपण एवढं लक्षात ठेवू: रक्तदाब किती, हा प्रश्न अर्धाच आहे. तो कुठे मोजला आणि मेंदू तिथून किती उंच आहे, हे विचारल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.