दहा काप आणि एक पक्कड



पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्या विदर्भात तान्हा पोळा असतो. पोरंसोरं आपापला लाकडी नंदी सजवून घरोघरी नेतात, आपण त्यांच्या हातावर बोजारा ठेवतो. नंदीचं कौतुक होतं, पोराचंही होतं. तो घडवणाऱ्या हाताची आठवण मात्र क्वचितच निघते. म्हणून आज आम्ही एका लाकूडकाम करणाऱ्या म्हाताऱ्याचा इतिहास सांगणार आहोत. माणूस दूरचा, अमेरिकेतला. पण त्याचं टोपणनावसुद्धा बैलावरूनच पडलेलं होतं.

नाव अर्नेस्ट वॉर्थर. जन्म 1885 चा, ओहायो राज्यातल्या डोव्हर गावचा. आईवडील स्वित्झर्लंडहून येऊन तिथं राहिलेले. अर्नेस्ट तीन वर्षांचा असताना वडील वारले आणि पाच लेकरं एकट्या आईच्या पदरात आली. पुढं काय झालं असेल ते तुम्हाला सांगायला नको. पोराची शाळा दुसरीतच सुटली आणि तो गावातल्या गाई चारायला जाऊ लागला. स्विस लोकांच्या बोलीत वळूला जो शब्द आहे, त्यावरून या छोट्या गुराख्याला सगळे 'मूनी' म्हणू लागले. हेच नाव जन्मभर टिकलं.

गुरांमागं फिरताना मूनीला एक चाकू सापडला. रानात बसल्या बसल्या तो काड्या तासू लागला. त्या काळी अमेरिकेत काम शोधत मालगाड्यांतून गावोगाव भटकणारी माणसं असत. असाच एक भटका मूनीला भेटला. त्यानं एका लाकडी पट्टीवर मोजून दहा काप दिले आणि उघडझाप करणारी पक्कड करून दाखवली. खिळा नाही, डिंक नाही, तुकडा जोडलेला नाही. एकाच लाकडातून दोन दांडे एकमेकांत अडकलेले निघतात आणि पक्कड उघडते. त्या भटक्याचं नाव इतिहासात राहिलं नाही. त्याची शिकवण मात्र राहिली.

चौदाव्या वर्षी मूनी पोलादाच्या कारखान्यात लागला आणि वीसहून जास्त वर्षं तिथं राबला. मनासारखा चाकू मिळेना, म्हणून तो स्वतःच चाकू घडवू लागला. 1902 च्या सुमारास त्यानं आईला स्वयंपाकघरात वापरायला एक चाकू करून दिला. तो पाहून शेजारणींनीही मागितले. अशी आईच्या ओट्यावरून चाकूंच्या धंद्याला सुरुवात झाली आणि पुढं त्याच चाकूंनी घराला हातभार लावला.

1913 साली मूनीनं अक्रोडाच्या एकाच ठोकळ्यातून पकडींचं झाड कोरलं. एका पकडीचे दोन दांडे. प्रत्येक दांड्यातून नवी पक्कड काढायची, म्हणजे दोन झाल्या. त्यांच्या चार दांड्यांतून चार, मग आठ, मग सोळा. अशा नऊ पिढ्या उतरल्या आणि एकूण पकडी झाल्या 511. त्यासाठी 31 हजार काप द्यावे लागले. दुसरी शिकलेल्या माणसाचा हा हिशेब! आपल्या गटात हिशेबाची वही लिहिताना बिचकणाऱ्या बायांनी हे जरूर ध्यानात ठेवावं.

त्यानंतर त्यांनी वाफेच्या इंजिनांचा सगळा इतिहास कोरायला घेतला. 64 नमुने केले, चाकं आणि दांडे फिरणारे. त्यांतल्या बऱ्याच कामात हस्तिदंत वापरला आहे. तेव्हा तो उघड विकला जाई. आज त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आहे आणि हत्तींसाठी ती हवीच. 1923 मध्ये एका रेल्वे कंपनीनं त्यांना त्यांच्या नमुन्यांसह प्रदर्शनासाठी फिरवलं. मोटारी बनवणारे हेन्री फोर्ड यांनी तर त्या कामासाठी मोठी रक्कम देऊ केली. मूनींनी विकलं नाही. घर गळत नाही, कुणी उपाशी नाही, कुणाचं देणं नाही, मग विकायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं.

एवढं मोठं काम त्यांनी विकलं नाही आणि लहान काम फुकट वाटलं. लहान मूल भेटलं की खिशातून लाकडी पट्टी काढायची, काही सेकंदांत दहा काप द्यायचे आणि पक्कड त्याच्या हातावर ठेवायची. म्हातारपणीही हे सुटलं नाही. जन्मभरात साडेसात लाखांवर पकडी केल्या असतील, असा अंदाज सांगतात. मूल ती उघडून बघायचं, मिटून बघायचं आणि हे झालं कसं, असं विचारायचं. शिकण्याची सुरुवात त्या प्रश्नापासून होते.

आता घरातल्या बाईबद्दल. 1910 मध्ये मूनींचं लग्न फ्रीडाशी झालं. पाच मुलं झाली. नवरा कारखान्यातून आला की लाकूड कोरायला बसणार, तर चूल, लेकरं, बाग कुणी सांभाळली असेल? फ्रीडानं हे तर केलंच, शिवाय स्वतःचा छंदही सोडला नाही. दहा वर्षांची असल्यापासून ती बटणं जमवत होती. अशी 73 हजारांहून जास्त बटणं तिनं नक्षीत मांडली. आपण गोधडीला जसे ठिगळांचे नमुने काढतो, तसेच तिकडच्या गोधड्यांचे नमुने तिनं बटणांनी काढले. डोव्हरच्या संग्रहालयात तिच्या बटणांना वेगळं घर आहे. जुन्या सदऱ्याची बटणं काढून डब्यात ठेवणारी प्रत्येक घरात कुणीतरी असते. तिचं ते जमवणंसुद्धा इतिहासच आहे.

1965 मध्ये, ऐंशीव्या वर्षी, मूनींनी अध्यक्ष लिंकन यांच्या अंत्ययात्रेची आगगाडी कोरून पूर्ण केली. 1973 मध्ये ते वारले. चाकूंचा धंदा आणि संग्रहालय त्यांच्या मुलानातवंडांनी पुढं चालवलं. आजही तिथं पाहुण्यांसमोर दहा काप देऊन पक्कड कोरून दाखवतात.

मैत्रिणींनो, त्या भटक्यानं दहा काप स्वतःजवळच ठेवले असते, तर हे सगळं झालंच नसतं. आपल्या गावातही सुताराचा, बुरडाचा, गोधडी शिवणाऱ्या आजीचा हात थकत चालला आहे. त्यांनी केलेली वस्तू आपण विकत घेतो, कधी भेट म्हणूनही घेतो. ती केली कशी, हे शेजारी बसून विचारत नाही. येत्या बैठकीला गटातल्या मुलींना अशा एका जाणत्या माणसाकडं पाठवा. घरातला नंदी कुणी घडवला, कोणत्या लाकडाचा, किती दिवसांत झाला, हे त्यांना विचारून यायला सांगा. आणि जमलं तर पहिला काप तिथंच, त्यांच्या देखत, मुलीच्या हातून होऊ द्या.