समर्थ आणि पुरेसे : लॅपटॉपच्या दोन घराण्यांचा इतिहास

लॅपटॉप विकत घ्यावयास निघालेल्या गृहस्थापुढे दुकानदार जेव्हा लाखाच्या वर किमतीचे एक समर्थ यंत्र आणि तीस-पस्तीस हजारांचे एक बेताचे यंत्र शेजारीशेजारी मांडतो, तेव्हा या दोहोंतील अंतर हे शक्तीचे आणि म्हणूनच पैशाचे आहे, अशी त्या गृहस्थाची समजूत होणे स्वाभाविक आहे. परंतु या यंत्राचा गेल्या चार दशकांचा वृत्तांत धुंडाळून पाहिला, म्हणजे असे ध्यानात येते की प्रत्येक लॅपटॉप, मग तो कितीही महाग असो, कोणती ना कोणती उणीव पत्करूनच जन्मास आला आहे. आणि महाग व स्वस्त यांतील खरा भेद ती उणीव कोणी, कोणाच्या सोयीसाठी आणि कितपत विचाराने पत्करली, यात आहे.

नवलाची गोष्ट ही, की या यंत्राची मूळ कल्पना हा भेद मानणारी नव्हती. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो अल्टो येथील संशोधनकेंद्रात काम करणाऱ्या अ‍ॅलन के यांनी 1972 साली ‘डायनाबुक’ नामक ज्या संगणकाचे वर्णन प्रसिद्ध केले, तो वहीच्या आकाराचा, चार पौंडांहून हलका, मुलांच्या हाती देण्याजोगा आणि तरीही छापील पृष्ठाइतका स्पष्ट मजकूर दाखविणारा असावा, आणि त्याची किंमत पाचशे डॉलरांच्या आसपास राहावी, अशी त्यांची अपेक्षा होती. त्या काळच्या चिपांच्या व पडद्यांच्या आवाक्यात असे यंत्र नव्हते. आणि दशकभराने वाहून नेण्याजोगे संगणक जेव्हा बाजारात आले, तेव्हा त्या एका स्वप्नाच्या वाटण्या होऊन गेल्या होत्या.

पहिली वाटणी अ‍ॅडम ऑस्बर्न यांच्या पदरी पडली. यांचा जन्म 1939 साली बँकॉकचा. परंतु बालपण गेले ते तमिळ मुलुखात, तिरुवण्णामलै येथे रमण महर्षींच्या आश्रमाच्या परिसरात, आणि 2003 साली त्यांनी देह ठेवला तोही कोडईकनाल येथेच. 1981 च्या एप्रिलमध्ये त्यांनी सान फ्रान्सिस्कोच्या संगणक-जत्रेत मांडलेल्या ‘ऑस्बर्न 1’ या यंत्राचे वजन अकरा किलोंच्या घरात होते, पडदा अवघा पाच इंची होता, एका ओळीत बावन्नच अक्षरे मावत आणि आत बॅटरी नव्हती. परंतु 1,795 डॉलर या किमतीत यंत्राबरोबर लेखनाची व हिशेबाची तयार सॉफ्टवेअरेही मिळत, आणि तीच सुटी घ्यावयाची म्हटल्यास जवळजवळ तितकीच रक्कम मोजावी लागली असती. जे पुरेसे आहे ते पुरे, त्यापलीकडचे सारे गैरलागू, असे ऑस्बर्न उघडपणे म्हणत. त्यांची कंपनी अवघ्या अडीच वर्षांत, 1983 च्या सप्टेंबरात दिवाळखोरीत गेली खरी. पण सामान्य धंदेवाइकाने स्वतःच्या पैशाने घ्यावयाच्या यंत्रात काय ठेवावे आणि काय वगळावे, याचा जाणीवपूर्वक हिशेब प्रथम मांडला गेला तो येथेच.

दुसरी वाटणी 1982 साली जॉन एलेन्बी यांच्या ग्रिड सिस्टिम्स या कंपनीने उचलली. बिल मॉगरिज यांनी आरेखिलेल्या त्यांच्या ‘कंपास’ला मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच होते, इंटेलचा 8086 हा प्रोसेसर होता, हादऱ्यांनी न बिघडणारी ‘बबल’ स्मृती होती आणि स्वयंप्रकाशी सपाट पडदा होता. तो पडदा मिटून कळफलकावर बसावा, ही आज शाळकरी मुलांच्याही परिचयाची झालेली रचना याच यंत्राने रूढ केली. किंमत होती 8,150 डॉलर. एवढी रक्कम स्वतःच्या खिशातून मोजणारा खरीददार विरळाच; म्हणून हे यंत्र मोठ्या कंपन्यांच्या अधिकाऱ्यांकडे, अमेरिकेच्या सैन्याकडे आणि 1983 पासून नासाच्या अंतराळयानांत गेले. आणि गंमत अशी, की एवढे द्रव्य ओतूनही मूळच्या ‘कंपास’मध्ये बॅटरी नव्हतीच, भिंतीतील विजेपासून दूर गेल्यावर ते महार्घ यंत्र मूक होई.

तिसरा मार्ग, आणि माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा, 1983 साली रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकल्या जाऊ लागलेल्या ‘टीआरएस-80 मॉडेल 100’ या यंत्राने दाखविला. जपानच्या क्योसेरा कंपनीने बनविलेल्या या यंत्राची किंमत 799 डॉलरांपासून सुरू होत असे. पडद्यावर चाळीस अक्षरांच्या आठच ओळी उमटत. स्मृती आठ किंवा चोवीस किलोबाइट. ही गरिबी कागदावर वाचताना केविलवाणी वाटते. परंतु साधे चार पेन्सिल सेल घातले की हे यंत्र वीसेक तास चाले, वजनाने दीड किलोहून कमी भरे, कळफलक उत्तम होता, आणि आत बसविलेल्या मोडेममुळे लिहिलेला मजकूर दूरध्वनीच्या तारेवरून थेट वृत्तपत्राच्या कचेरीत धाडता येई. फिरतीवरच्या बातमीदारांनी ते डोक्यावर घेतले आणि त्याहून शतपट समर्थ यंत्रे बाजारात आल्यावरही पुष्कळांनी ते सोडले नाही. येथे उणीव होती, परंतु ती ज्या बाबतीत खपण्यासारखी होती त्याच बाबतीत होती. लिहिणाऱ्या माणसाला ज्याची गरज, त्याला कात्री लावलेली नव्हती.

आपल्याकडे या घडामोडींचा प्रत्यक्ष स्पर्श उशिरा झाला. आयात-परवाना आणि भरमसाट जकात यांच्या अमलात संगणक ही मुळात सरकारी खात्यांची व मोठ्या कारखान्यांची चीज होती. 1984 च्या नोव्हेंबरातील संगणकधोरणाने हे निर्बंध सैल होऊ लागले, आणि 1997 साली माहिती तंत्रज्ञानविषयक आंतरराष्ट्रीय करारात भारत सामील झाल्यावर संगणकांवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरत गेली. मुंबईच्या ग्रँट रोड स्थानकानजीकचा, कागदोपत्री डॉ. भडकमकरांच्या नावाचा परंतु बोलण्यात अद्याप लॅमिंग्टन रोडच राहिलेला रस्ता, रेडिओच्या सुट्या भागांकडून संगणकाच्या व्यापाराकडे वळला, आणि कंपनीच्या ताब्यातून निघालेला वापरलेला परंतु दणकट लॅपटॉप घ्यावा, की नवा परंतु हलक्या प्रतीचा, हा आपल्या मध्यमवर्गाचा खास प्रश्न अशाच बाजारांत रुळला.

दरम्यान, अमेरिकेत उणीव ही योगायोगाची गोष्ट न राहता व्यापारी धोरणाची झाली होती. 1991 साली अ‍ॅपलने ‘पॉवरबुक’ ही मालिका आणली, तेव्हा एकाच कुळातील 100 हा क्रमांक सुमारे 2,300 डॉलरांना आणि 170 हा क्रमांक त्याच्या दुप्पट किमतीला विकावयास ठेवला. महागाच्या पडद्यावरची चित्रे स्थिर व स्वच्छ दिसत, स्वस्ताच्या पडद्यावर हलती आकृती आपली छाया मागे ओढीत जाई. पुढील वर्षी आयबीएमच्या ‘थिंकपॅड 700सी’ने 10.4 इंची रंगीत पडदा 4,350 डॉलरांना देऊन वरच्या श्रेणीची पायरी पक्की केली. पण या धोरणाचे सर्वांत बोलके उदाहरण इंटेलच्या 1991 मधील ‘486एसएक्स’ या प्रोसेसरचे होय. प्रारंभीच्या या चिपांवर अपूर्णांकी गणिताचा विभाग प्रत्यक्षात कोरलेला असे आणि तो निकामी करून चिप कमी किमतीत विकली जाई. वाड्यातील एक दालन कुलूपबंद करून उरलेला वाडा कमी भाड्याने द्यावा, तसा हा प्रकार. त्यावर कळस म्हणजे, ही उणीव भरून काढण्यासाठी जी ‘487एसएक्स’ नावाची जोडचिप विकत मिळे, ती स्वतःच एक संपूर्ण प्रोसेसर असे आणि बसवताच आधीच्या चिपेला पूर्णपणे बाजूस सारून सारा कारभार आपल्या हाती घेई. ‘मॉडेल 100’ची उणीव गिऱ्हाइकाच्या कामाकडे पाहून ठरली होती, ही उणीव विक्रेत्याच्या दरपत्रकाकडे पाहून ठरली.

स्वस्त यंत्राचा विचार पुन्हा मुळापासून झाला तो निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘शंभर डॉलरांच्या लॅपटॉप’मुळे. 2005 च्या जानेवारीत दाव्होस येथे त्यांनी ही योजना मांडली. 2007 साली प्रत्यक्ष उत्पादन सुरू झाले तेव्हा खर्च दोनशे डॉलरांच्या आसपास गेला होता. परंतु मेरी लू जेप्सेन यांनी सिद्ध केलेला त्याचा पडदा भर उन्हातही वाचता येई, त्यात पंखा नव्हता, आणि त्याची विजेची भूक अत्यल्प होती. आपल्या केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने 2006 सालीच या योजनेस नकार दिला असला, तरी पुढील वर्षी रायगड जिल्ह्यातील खैरात या चिमुकल्या गावच्या शाळेत ही हिरवी-पांढरी यंत्रे मुलांच्या हाती पडली, आणि या जागतिक प्रयोगाचे भारतातील पहिले ठिकाण होण्याचा मान महाराष्ट्रातील एका खेड्याकडे गेला.

या खटाटोपाने मोठ्या उत्पादकांना स्वस्ताईची चाहूल लागली. तैवानच्या आसूस कंपनीने 2007 च्या अखेरीस सात इंची पडद्याचा, किलोहून हलका ‘ईई पीसी’ 399 डॉलरांना आणला. अल्पावधीत ‘नेटबुक’ या नावाने अशा यंत्रांचा पूर आला आणि इंटेलने त्यांच्यासाठी ‘अ‍ॅटम’ हा वेगळा प्रोसेसर काढला. मात्र या नव्या शाखेतही दरपत्रकाचा जुना दस्तूर शिरलाच. 2009 साली मायक्रोसॉफ्टने अशा यंत्रांसाठी ‘विंडोज 7’ची जी ‘स्टार्टर’ आवृत्ती दिली, तीत पडद्यामागचे चित्र बदलण्याचीसुद्धा मुभा नव्हती. त्या एका निर्बंधाने कोणाचे किती पैसे वाचले असतील ते असोत. आपण कनिष्ठ वर्गाचे प्रवासी आहोत, याची आठवण मात्र ती रोज सकाळी करून देई. मग टॅब्लेट आले, भ्रमणध्वनी शहाणे झाले, आणि 2013 च्या सुमारास नेटबुकांचा अध्याय आटोपला.

परंतु काटकसरीने समर्थांवर केलेली मात याच काळात दुसरीकडे पिकत होती. इंग्लंडातील केंब्रिजच्या एकॉर्न या छोट्या कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी अगदी मोजक्या माणसांच्या बळावर जो ‘एआरएम’ प्रोसेसर रचला आणि जो 1985 च्या एप्रिलमध्ये प्रथम चालू झाला, त्याला महागड्या चिनी मातीऐवजी प्लास्टिकचे वेष्टन परवडावे म्हणून त्याची वीज एका वॉटच्या आत ठेवण्याची दक्षता घेण्यात आली होती. प्रत्यक्षात ती त्याहूनही पुष्कळच कमी भरली. खर्च वाचविण्यासाठी पत्करलेल्या या बंधनातून जो मितव्ययी स्वभाव उपजला, त्यामुळे हे कूळ भ्रमणध्वनींत सर्वत्र पसरले, आणि पस्तीस वर्षांनी, 2020 च्या नोव्हेंबरात, त्याच कुळातील ‘एम1’ ही चिप अ‍ॅपलने पंखा नसलेल्या ‘मॅकबुक एअर’मध्ये घालून ते यंत्र 999 डॉलरांना विकावयास काढले, तेव्हा त्याने कितीतरी जाडजूड, गरम होणाऱ्या आणि महागड्या यंत्रांना वेगाच्या परीक्षेत मागे टाकले.

या इतिहासातून आजच्या खरीददाराला काही मसलत मिळावयाची असेल, तर ती हीच, की दुकानात शिरण्यापूर्वी आपले काम कोणती उणीव सहन करील आणि कोणती करणार नाही, हे त्याने निश्चित करावे. चित्रफितींचे संपादन वा त्रिमिती आरेखन ज्याचा व्यवसाय आहे, त्याने अडीच किलोंचे ओझे, पंख्याचा घोष आणि लवकर आटणारी बॅटरी या महाग यंत्राच्या उणिवा डोळे उघडे ठेवून स्वीकाराव्यात. ज्याला लिहावयाचे, वाचावयाचे आणि हिशेब ठेवावयाचे आहेत, त्याने प्रोसेसरच्या नावापेक्षा कळफलक, पडदा, बॅटरी आणि पुढे स्मृती वाढविण्याची सोय यांकडे पाहावे, आणि जे स्वस्त यंत्र या चारही बाबतींत थोडे थोडे कापलेले असेल ते कितीही किफायतशीर भासले तरी परत ठेवावे. किंमत शेवटी विचारावी. कारण किमतीपासून विचार सुरू केला, की उणीव कोणती घ्यावयाची हे आपण न ठरविता विक्रेता ठरवितो, आणि ती त्याच्या सोयीची असते.