रुक्मिणीचें पत्र

अमेरिकेंतील विद्यालयांत एक गमतीची रूढि आहे. नृत्यसमारंभास जावयाचें तर एरव्हीं मुलानें मुलीस विचारावयाचें. परंतु वर्षांतून एका नृत्याचें आमंत्रण मुलीनें मुलास द्यावयाचें. अल् कॅप या व्यंगचित्रकाराच्या १९३७ सालच्या चित्रमालिकेंतून ही कल्पना निघाली, आणि दोनच वर्षांत दोनशेंहून अधिक महाविद्यालयांनीं ती उचलली. हें ऐकून आमच्याकडील वडील मंडळी नाक मुरडतील. पण ज्या ग्रंथास तीं हात जोडतात, त्यांत याहून मोठें धाडस वर्णिलेलें आहे.

भावानें शिशुपालाशीं ठरविलेलें लग्न रुक्मिणीस मान्य नव्हतें. तिनें ब्राह्मणाहातीं द्वारकेस पत्र धाडलें. भागवतांत तें अवघ्या सात श्लोकांचें आहे. पण केव्हां यावें, कोणत्या देवळापाशीं भेटावें, याची सारी योजना तिची स्वतःची आहे. नरेंद्रानें यादवकाळीं या कथेवर काव्य रचिलें. पुढें नगर जिल्ह्याच्या शेवगांव तालुक्यासमोर, गोदावरीच्या उत्तर तीरावरील पैठणच्या एकनाथांनीं १५७१ सालीं काशींत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पुरें केलें. उपवर मुलीनें त्याचीं पारायणें केलीं असतां लग्न लवकर जुळतें, अशी श्रद्धा महाराष्ट्रांत आजहि आहे. घरानें ठरविलेलें लग्न जिनें मोडलें, तिचें आख्यान घरानें लग्न ठरवावें म्हणून वाचलें जावें, हा विरोध कोणास खटकला नाहीं. काव्यांतील स्त्रीस दिलेलें स्वातंत्र्य समाज घरांतील स्त्रीस देत नाहीं, तो असा.

रुक्मिणीस पत्र लिहितां आलें, कारण तिला लिहितां येत होतें. आमच्या मुलींस तेंहि येत नव्हतें. अहमदनगरांत, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत, १८३९ सालीं सिंथिया फरार ही अमेरिकन बाई आली आणि १८६२ सालीं मृत्यु येईपर्यंत तिनें येथें मुलींच्या शाळा चालविल्या. सावित्रीबाई फुले यांनीं अध्यापनाचें शिक्षण याच बाईंच्या संस्थेंत घेतलें, असें त्यांचे चरित्रकार सांगतात. मुलींच्या हातीं लेखणी देणें म्हणजे पुढेंमागें त्यांच्या पत्रास उत्तर देण्याची तयारी ठेवणें होय, हें त्या वेळीं फार थोड्यांस उमगलें असावें.

तें पत्र मुंबईंत आलें. योगायोग असा कीं लिहिणारीचें नांवहि रखमाबाई, म्हणजे रुक्मिणीच. अकराव्या वर्षीं लग्न लावून दिलेल्या या मुलीनें पतीकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं पतीनें दावा लावला; १८८५ सालीं तिनें ‘एक हिंदु स्त्री’ या नांवानें इंग्रजी वृत्तपत्रांत बालविवाहाविरुद्ध पत्रें लिहिलीं. १८८७ सालीं न्यायालयानें नांदावयास जा, नाहींतर सहा महिन्यांचा तुरुंगवास भोग, असा हुकूम दिला, तेव्हां तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं तडजोड झाली आणि पुढें ती डॉक्टर झाली. रुक्मिणीस देव धांवून आला. रखमाबाईस स्वतःच उभें राहावें लागलें.

यावरून आम्हांस असें वाटतें कीं, बोलावण्याच्या अधिकाराआधीं नाकारण्याचा अधिकार असावा लागतो. अमेरिकेंतील तें नृत्य वर्षांतून एकदां मुलीस तोंड उघडूं देतें. म्हणजे उरलेले दिवस तिनें गप्प बसावें, हेंहि त्यांतच आलें. आमच्याकडे १९२९ सालच्या कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा केलें, १९५४ सालच्या विशेष विवाह कायद्यानें वधूवरांची संमति पुरेशी मानली. परंतु पहिला शब्द कोणी उच्चारावा, हें कायदा ठरवीत नाहीं. तें घर ठरवितें. घरांत रुक्मिणीस्वयंवराची पोथी असेल, तर मुलीस ती केवळ पारायणासाठीं न देतां तींतील पत्राचा अर्थहि सांगावा, एवढेंच आमचें म्हणणें आहे.