घराचा वास

बी.एड.च्या वर्षी शहरात खोली शोधत होतो. एका घरमालकांनी माझे नाव विचारले आणि मग अगदी नरमाईने म्हणाले, "तसं काही नाही हो, पण तुमच्या स्वयंपाकाचा वास येतो." त्यांच्या दारातच उदबत्ती जळत होती. मी 'बरं' म्हणून परत फिरलो, पण डोक्यातून तो वास काही जाईना.

पवनीच्या आमच्या घरी जुमेरातीला मगरिबच्या आधी अम्मी झाडलोट करी, अंगणात पाणी शिंपडी आणि ऊददानात निखारे घेऊन त्यावर लोबानचे खडे टाकी. धूर आधी कपड्यांच्या पेटीपाशी जाई, मग चुलीपाशी, शेवटी बाहेरच्या खोलीत. पाहुणा येवो न येवो. अब्बांना खोकल्याचा त्रास. ते तेवढा वेळ ओट्यावर बसत.

लोबान हा शब्द अरबी. मुळात तो अरबस्तानातल्या एका झाडाच्या डिंकाचा. आपल्या बाजारातला लोबान बहुधा सुमात्राकडच्या निराळ्याच झाडाचा असतो. अरब व्यापारी त्याला 'लुबान जावी' म्हणत; त्याचेच युरोपात 'बेंझोइन' झाले. खऱ्या अरबी लोबानच्या झाडाची सख्खी बहीण मात्र आपल्या विदर्भाच्या रानात उभी आहे. ती म्हणजे सालई. तिचाही डिंक निखाऱ्यावर दरवळतो.

खरी गंमत ऊद या शब्दाची. अरबीत ऊद म्हणजे लाकूड, आणि सुगंधाची गोष्ट असेल तर अगराचे लाकूड. संस्कृतात त्यालाच अगरु म्हणतात. आसामकडच्या या झाडाला बुरशी लागली की ते राळ धरते, काळे आणि जड होते. निरोगी लाकडाला तो वास नसतो. या लाकडापायी इतकी झाडे तुटली की १९९५ पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. मराठीने ऊद घेतला, तो लोबानला लावला, पुढे बत्ती जोडून उदबत्ती केली. आता पाहा, शेजारच्या देवघरात अरबी नावाची उदबत्ती आणि आम्ही दर्ग्यावर नेतो ती संस्कृत नावाची अगरबत्ती! त्या घरमालकांच्या दारात काय जळत होते, ते त्यांनाही ठाऊक नसावे.

घर सुवासिक ठेवणे ही दख्खनेत विद्या मानली जाई. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी (१५८०–१६२७) निजामुद्दीन महमूद याने 'इत्र-ए-नौरसशाही' हा फारसी ग्रंथ केवळ सुगंधावर लिहिला. तिकडे अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त सुगंधाला स्वतंत्र प्रकरण दिले. वाळ्याच्या ताट्यांवर पाणी शिंपडले की उन्हाळ्यात हिवाळा येतो, असेही तो नोंदवतो. हे वाचायला आम्हाला आग्र्याला जायला नको. वैशाखात वैनगंगा आटते, गाव तापते, तेव्हा दाराला ओली ताटी आणि माठात वाळ्याची जुडी. गरिबाच्या घरी निदान जुडी तरी.

परवा वर्गात ऊद आणि अगर हे दोन्ही शब्द फळ्यावर लिहिले, एवढे सगळे समजावून सांगितले. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली.

"सर, हमारे घर में तो बस मच्छर की कॉईल जलती है."